बाबा मुंबईचे, लेक बंगळूरची
के. आर. पुरमहून चिन्नास्वामी मैदानापर्यंत: एका सामन्याच्या दिवसाची सहल

बंगळूरच्या पूर्व टोकाच्या के. आर. पुरमचे नाव काढले की शहरातल्या कुणाच्याही तोंडून पहिला शब्द बाहेर पडतो तो म्हणजे ट्रॅफिक! जुना मद्रास रस्ता आणि बाहेरचा वर्तुळाकार रस्ता इथे एकमेकांना भिडतात. त्यात भर रेल्वे स्थानकाची आणि टिन फॅक्टरीच्या चौकाची. सकाळी साडेआठला घरून निघालेली नोकरदार मंडळी इथल्या पुलाकडे पाहत किती वेळ उभी राहतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. रेल्वेमार्गावरचा हा तारांनी तोललेला पूल एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला गेला. लोक त्याला 'हँगिंग ब्रिज' म्हणतात. खाली लटकलेली माणसे पाहून हे नाव पडले असावे, असा विनोद इथे नेहमी ऐकू येतो.

पण याच के. आर. पुरममधून वर्षातून एखाद्या दिवशी एक वेगळीच स्वारी निघते. लाल जर्सी घातलेली आठ-दहा वर्षांची मुलगी, तिचा हात घट्ट धरलेले बाबा आणि दोघांच्या चेहऱ्यावर सारखाच उत्साह. त्या दिवशी कार्यालय नाही, शिकवणी नाही, मोबाइलवरची मीटिंग नाही. त्या दिवशी फक्त मॅच!

नावात राजा, वस्तीत अवघा देश

के. आर. पुरम म्हणजे कृष्णराजपुरम. म्हैसूरच्या वडेयर घराण्यात कृष्णराज नावाचे राजे होऊन गेले, त्यांच्या नावाचे हे गाव. कन्नड माणूस 'कृष्णराजपुर' म्हणतो, तमिळ वळणाने 'पुरम' म्हटले जाते आणि दोन्ही नावे गुण्यागोविंदाने नांदतात. मेट्रोच्या पाटीवर 'पुर' दिसते, तर रिक्षावाल्याच्या तोंडी 'पुरम' असते. इथून जाणारा लोहमार्ग फार जुना आहे. जोलारपेटहून बंगळूर छावणीपर्यंत पहिली गाडी धावली ती १८६४ मध्ये.

शेजारीच दूरवाणीनगर आहे. कन्नडमध्ये दूरवाणी म्हणजे आपला दूरध्वनी. १९४८ मध्ये सुरू झालेला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना इथलाच. एकेकाळी महाराष्ट्रातल्या घराघरांत, क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेला तो जड काळा फोन आठवतो ना? त्यातले कित्येक फोन याच परिसरातून आले. फोनचे ते दिवस सरले आणि पूर्वेला व्हाइटफील्डच्या बाजूला संगणक कंपन्या उभ्या राहिल्या. मग पुणे, नागपूर, कोल्हापूर, नाशिक इथली तरुण मंडळी नोकरीसाठी या भागात आली. भाड्याच्या घरात राहिली, कर्ज काढून फ्लॅट घेतले, मुले इथल्याच शाळांत घातली.

मराठी माणसाला हे शहर तसे नवखे नाही. शहाजीराजांची जहागीर इथे होती आणि शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्याकडे ती पुढे आली. गांधीनगरात महाराष्ट्र मंडळ आहे, गणेशोत्सवाला मोदकांचे ताट शेजारच्या कन्नड घरात जाते आणि युगादीला तिकडून होळिगे येते. आपली पुरणपोळीच ती!

तरीही अशा घरांतून एक लहानसा, गोड पेच असतोच. बाबा वानखेडे, शिवाजी पार्क, गावसकर, सचिन यांच्या गोष्टींवर वाढलेले. मुलगी मात्र बंगळूरच्या संघासाठी जीव टाकणारी. बाबांना कन्नड जेमतेम भाजी आणण्यापुरते येते, तर ती मैत्रिणींशी अस्खलित बोलते. 'ई सला कप नम्दे', म्हणजे 'यंदा चषक आपलाच', ही घोषणा ती झोपेतही देईल. त्यातला 'आपला' बाबांना जरा अडखळायला लावतो. आपला म्हणजे कुणाचा? सामन्याला जाण्याचा हा एक दिवस त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचाही दिवस ठरतो.

एका दिवसाचे वचन

मुलाला मैदानावर नेण्याची रीत जगभर आहे. अमेरिकेत वडील मुलाला बेसबॉलच्या सामन्याला नेतात. मुले घरून हातमोजा घेऊन जातात, कारण फटक्याने प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. भुईमुगाच्या शेंगा फोडत नऊ डाव पाहायचे आणि सातव्या डावाच्या मध्यावर सगळ्यांनी उठून हातपाय मोकळे करायचे, असा तो थाट. तिथला बाप आपल्या लहानपणी वडिलांसोबत पाहिलेल्या सामन्याची आठवण मुलाला सांगतो. आपल्याकडे हीच जागा क्रिकेटची. फरक इतकाच की आपल्या मैदानात प्रेक्षकांत आलेला चेंडू परत फेकावा लागतो. मुलांना हा नियम मुळीच पटत नाही!

मध्यमवर्गीय घरात मात्र अशी सहल सहज ठरत नाही. आयपीएलच्या दोन तिकिटांना काही हजार रुपये मोडतात. ती इंटरनेटवर मिळवताना नशिबाची परीक्षा होते. बहुतेक घरांत लहान मुलाचेही वेगळे तिकीट लागते, हे ऐनवेळी कळते. म्हणून महिन्याच्या खर्चात ही रक्कम आधीच बाजूला काढलेली बरी. मुलांनाही तसे सांगायला हरकत नाही. 'वाढदिवसाची भेटवस्तू हवी की मॅच?' असे विचारले तर कितीतरी मुले मॅचच मागतात. वस्तू चार दिवसांत कपाटात जाते. बाबांसोबत घालवलेला अख्खा दिवस शाळेत महिनाभर सांगायला पुरतो.

आणि आयपीएलच हवी असे थोडेच आहे? रणजी करंडकाच्या सामन्यांना बहुधा प्रवेश मोफत असतो. हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात, रिकाम्या बाकांवर ऐसपैस बसून, डबा खात सामना पाहता येतो. खेळाडूंचे एकमेकांना दिलेले आवाज ऐकू येतात, बॅटवर चेंडू बसल्याचा टणत्कार कानी पडतो. मुलाला खेळ समजावून सांगायचा असेल तर याहून चांगली शाळा नाही. महिला क्रिकेटचे सामने हाही उत्तम पर्याय, विशेषतः मुली असलेल्या घरांना.

जांभळ्या गाडीतून

पूर्वी के. आर. पुरमहून महात्मा गांधी रस्त्यावर जायचे म्हणजे प्रवासातच निम्मा जीव जाई. मेट्रोने हे चित्र पालटले. पण तीही एकदम आली नाही. बैयप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी रस्ता हा शहरातला पहिला टप्पा २० ऑक्टोबर २०११ रोजी सुरू झाला. पूर्वेकडचा व्हाइटफील्ड ते के. आर. पुर हा टप्पा २५ मार्च २०२३ रोजी सुरू झाला. पण या दोहोंच्या मधला जेमतेम दोन किलोमीटरचा तुकडा राहून गेला होता. इकडे मेट्रो, तिकडे मेट्रो आणि मधे बस, अशी गंमत काही महिने चालली. अखेर ९ ऑक्टोबर २०२३ रोजी हा दुवा जुळला आणि के. आर. पुरमचा माणूस गाडी न बदलता शहराच्या मध्यावर पोचू लागला.

मुलांसाठी तर ही मेट्रो म्हणजे सामन्याआधीचा सामनाच. के. आर. पुरहून निघाले की बेन्निगानहळ्ळी, बैयप्पनहळ्ळी, स्वामी विवेकानंद रोड, इंदिरानगर, हलसूर, ट्रिनिटी, एम. जी. रोड आणि मग कब्बन पार्क. आठवे स्थानक आपले. ही नावे पाठ करत, बोटांवर मोजत वीस-पंचवीस मिनिटे कशी जातात ते कळत नाही. खाली रेल्वेचे रूळ दिसतात, गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसतात, गुलमोहराचे शेंडे दिसतात. एम. जी. रोडपर्यंत गाडी उंचावरून धावते आणि मग भुयारात शिरते. काळोख झाला की डब्यातली सगळी मुले एका सुरात ओरडतात!

सामन्याच्या दिवशी प्रत्येक स्थानकावर लाल जर्सी वाढत जातात. त्यात एखादी निळी मुंबईची, एखादी पिवळी चेन्नईची. चिडवाचिडवी होते, पण ती हसतखेळत. सकाळी याच डब्यात लॅपटॉपची बॅग छातीशी धरून गप्प उभे असणारे बाबा आता अनोळखी माणसाशी धावगतीवर वाद घालताना पाहून लेकीला मोठी मौज वाटते.

झाडांच्या सावलीत

मैदानावर वेळेच्या बऱ्याच आधी पोचावे लागते. मग दोन तास अगोदर निघून कब्बन पार्कमध्ये का घालवू नयेत? १८७० मध्ये रिचर्ड सँकी या अभियंत्याच्या देखरेखीखाली हे उद्यान आखले गेले. त्याचे सरकारी नाव श्री चामराजेंद्र उद्यान, पण लोक कब्बन पार्कच म्हणतात. उच्च न्यायालयाची लाल इमारत, म्हणजे अठारा कचेरी, इथेच. शेषाद्री अय्यर यांच्या स्मरणार्थ बांधलेली लाल रंगाची ग्रंथालयाची वास्तू इथेच. उद्यानाच्या कोपऱ्यावर १९०६ मध्ये उभारलेला व्हिक्टोरिया राणीचा पुतळा आहे आणि तिथून मैदान हाकेच्या अंतरावर. रविवारी उद्यानातल्या रस्त्यांवर वाहनांना बंदी असते, त्यामुळे मुले मनसोक्त पळू शकतात. बांबूच्या बेटांजवळ बसून घरून आणलेले पोळीचे रोल, चटणी-सँडविच संपवून टाकावे, कारण बाहेरचे खाणे, पाण्याची बाटली साधारणपणे मैदानात नेऊ देत नाहीत. उन्हाळ्यात कैरीच्या फोडी आणि उकडलेल्या शेंगा विकणारे इथे भेटतात. बंगळूरकरांचे शेंगांवर भारी प्रेम. बसवनगुडीला तर दरवर्षी शेंगांची खास जत्रा भरते!

हे दोन तास म्हणजे गोष्टी सांगण्याची हक्काची वेळ. आणि मराठी बाबांकडे या मैदानाच्या गोष्टींची काय वाण?

मैदान त्यांचे, गोष्टी आपल्याही

एम. चिन्नास्वामी हे कर्नाटक क्रिकेट संघटनेची अनेक वर्षे धुरा वाहणारे आणि पुढे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झालेले गृहस्थ. त्यांच्या नावाच्या या मैदानावर पहिला कसोटी सामना नोव्हेंबर १९७४ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध झाला. व्हिव्हियन रिचर्ड्स आणि गॉर्डन ग्रीनिज या दोघांनी कसोटीत पहिले पाऊल टाकले ते इथेच.

त्याच वर्षी काही महिने आधी मुंबईकरांच्या जिव्हारी लागणारी घटना याच मैदानावर घडली होती. सलग पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईने घरी नेला होता. १९७४ च्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाने ती सद्दी मोडली. गुंडाप्पा विश्वनाथने १६२ धावा काढल्या आणि प्रसन्नाच्या फिरकीने मुंबईची घडी विस्कटली. मुंबईकर बाबांनी ही गोष्ट सांगताना थोडा आवंढा गिळावा लागतो. पण लगेच पुढची गोष्ट सांगता येते. हाच विश्वनाथ पुढे गावसकरांच्या बहिणीशी, कविताशी लग्न करून मुंबईचा जावई झाला! गावसकरांनी तर मुलाचे नाव ठेवताना रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ या तिघांना एकत्र गुंफून 'रोहन जयविश्व' असे ठेवले. मैदानात हाडवैर आणि घरात सोयरीक, हे नाते मुलांनाही चटकन समजते.

१९८२ च्या रणजी उपांत्य सामन्यात रघुराम भट्ट यांच्या डावखुऱ्या फिरकीपुढे मुंबईचा डाव कोसळत असताना गावसकर चक्क डावखुरे होऊन खेळले, तेही इथेच. 'उजव्या हाताने लिहिणाऱ्याने परीक्षेत डाव्या हाताने पेपर लिहावा तसे', असे सांगितले की मुले डोळे विस्फारतात. आणि मार्च १९८७ मध्ये पाकिस्तानविरुद्ध, चेंडू हातभर वळत असताना गावसकरांनी काढलेल्या ९६ धावा! भारत तो सामना १६ धावांनी हरला आणि तोच गावसकरांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. हरलेल्या सामन्यातली खेळीसुद्धा लोक जन्मभर का आठवतात, हे मुलाला सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

९ मार्च १९९६ ची रात्र तर आजच्या बहुतेक बाबांनी आपापल्या घरी टीव्हीसमोर अनुभवलेली. विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना, समोर पाकिस्तान. सिद्धूच्या ९३, जडेजाच्या २५ चेंडूंत ४५. आमिर सोहेलने चौकार मारून बोट दाखवले आणि पुढच्याच चेंडूवर बंगळूरच्या वेंकटेश प्रसादने त्याचा त्रिफळा उडवला. ३९ धावांनी भारत जिंकला. फेब्रुवारी २०११ मध्ये सचिनने इंग्लंडविरुद्ध इथे १२० धावा काढल्या आणि दोन्ही संघांच्या ३३८ धावा होऊन सामना बरोबरीत सुटला.

तिची माणसे

बाबांच्या गोष्टी संपल्या की लेकीची पाळी येते. तिच्याकडेही गोष्टी आहेत आणि त्या काही कमी प्रतीच्या नाहीत.

भारतीय महिलांचा पहिला कसोटी सामना ३१ ऑक्टोबर १९७६ पासून याच मैदानावर झाला, वेस्ट इंडिजविरुद्ध. कर्णधार होती कर्नाटकाची शांता रंगस्वामी. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, जून २०२४ मध्ये, दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या तीन एकदिवसीय सामन्यांत स्मृती मानधनाने इथे ११७, १३६ आणि ९० अशा धावा काढल्या. सांगलीत वाढलेली ही मुलगी बंगळूरच्या महिला संघाची कर्णधार आणि तिच्याच नेतृत्वाखाली या संघाने मार्च २०२४ मध्ये महिला प्रीमियर लीगचा चषक पटकावला. भावाचा सराव पाहता पाहता तिने बॅट हाती घेतली. २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून एकदिवसीय सामन्यात तिने २२४ धावा केल्या, त्या राहुल द्रविड यांच्याकडून मिळालेल्या बॅटने.

द्रविड यांची गोष्ट तर अशा प्रत्येक घराला आपलीच वाटावी. मराठी कुटुंबात इंदूरला जन्म, वडिलांच्या नोकरीमुळे बंगळूरला बालपण, शाळा इथली, मैदान इथले. घरात मराठी, बाहेर कन्नड. त्यांना कुणी 'तुम्ही नक्की कुठले?' असे विचारून अडवले नाही. कर्नाटकाने त्यांना आपले मानले आणि महाराष्ट्रानेही कधी परके केले नाही. डिसेंबर २०२३ मध्ये म्हैसूरला कूचबिहार करंडकाच्या सामन्यात मोठा मुलगा समित खेळत होता, तेव्हा द्रविड पतीपत्नी इतर पालकांसारखीच पायऱ्यांवर बसून सामना पाहत होती. २०२५ मध्ये तर ते बंगळूरच्या क्लब लीगमध्ये विजया क्रिकेट क्लबकडून धाकट्या अन्वयसोबत एकाच संघात खेळायला उतरले. एवढे नाव कमावलेल्या माणसालाही मुलासोबतचा मैदानावरचा दिवस मोलाचा वाटला!

म्हणूनच लेक 'आपला संघ' म्हणते तेव्हा बाबांनी मन लहान करायचे कारण नाही. जिथे मूल वाढते, ते गाव त्याचे होतेच. त्याला मराठीतल्या गोष्टी मिळाल्या, घरची भाषा कानावर राहिली, की दोन गावे मनात सुखाने नांदतात. जर्सी कुठलीही असो.

पायऱ्या चढल्यावर

मैदानात शिरताना सिमेंटच्या अरुंद पायऱ्या लागतात. वर पोचेपर्यंत काही दिसत नाही. मग एकाएकी समोर हिरवेगार गवत उलगडते. टीव्हीवर शंभरदा पाहिलेले मैदान प्रत्यक्षात इतके हिरवे आणि खेळाडू इतके जवळ असतील, याची मुलांना कल्पनाच नसते. हे मैदान आकाराने लहान. सुमारे ३५ हजार प्रेक्षक मावतात. त्यात बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ असते आणि चेंडू लांब जातो. १८ एप्रिल २००८ रोजी आयपीएलचा पहिलाच सामना इथे झाला आणि ब्रेंडन मॅकलमने कोलकात्यासाठी नाबाद १५८ धावा ठोकल्या. एप्रिल २०१३ मध्ये ख्रिस गेलने पुण्याच्या संघाविरुद्ध इथेच ६६ चेंडूंत नाबाद १७५ केल्या. पुणेकर बाबांनी तो दिवस विसरलेला बरा!

इथे घडणारा विज्ञानाचा धडाही चुकवू नये. २०१५ मध्ये या मैदानाच्या छतावर सौरऊर्जेची तावदाने बसली, तर २०१७ मध्ये गवताखालून पाणी ओढून घेणारी यंत्रणा आली. पाऊस थांबल्यावर थोड्याच वेळात खेळ सुरू होतो तो त्यामुळे. अर्थात वरुणराजापुढे यंत्राचेही चालत नाही. १७ मे २०२५ रोजी विराट कोहलीच्या कसोटी निवृत्तीनंतर त्याला मानवंदना म्हणून हजारो प्रेक्षक पांढरे कपडे घालून आले होते. पावसाने एकही चेंडू पडू दिला नाही. भिजून घरी परतलेल्या मुलांनाही तो दिवस आठवत राहीलच. ठरवलेले सगळे घडतेच असे नाही, हे समजावून सांगण्याची वेळ कधीतरी येतेच. ती बाबांच्या खांद्यावर डोके ठेवून आली तर बरे.

४ जून विसरू नये

या सहलीचे सगळे आनंददायी वर्णन एका तारखेपाशी थांबते. ३ जून २०२५ रोजी बंगळूरच्या पुरुष संघाने अहमदाबादला पंजाबचा ६ धावांनी पराभव करून अठराव्या प्रयत्नात आयपीएल चषक जिंकला. दुसऱ्या दिवशी संघाच्या स्वागतासाठी मैदानाबाहेर लाखोंचा जमाव लोटला. प्रवेशद्वारांशी झालेल्या चेंगराचेंगरीत ११ जण प्राण गमावून बसले आणि पन्नासहून अधिक जखमी झाले. मृतांत बहुतेक तरुण होते, शाळकरी मूलही होते. एखाद्या आईने दुपारी घातलेली वेणी, एखाद्या बापाने घेऊन दिलेली जर्सी, यांचे काय झाले असेल, याचा विचारही अंगावर काटा आणतो.

सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती जॉन मायकेल डी'कुन्हा आयोगाने प्रचंड गर्दीच्या कार्यक्रमांसाठी हे मैदान आणि त्याचे रस्ते, दरवाजे सुरक्षित नसल्याचा निष्कर्ष काढला. २०२५ च्या महिला विश्वचषकाचे इथे ठरलेले काही सामने नवी मुंबईला हलवले गेले. भारतीय महिलांनी २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईतच विश्वचषक उंचावला. बंगळूरच्या मुलींनी तो आपल्या मैदानावर नाही, तर टीव्हीवर पाहिला.

दारे किती रुंद असावीत, पोलिस किती असावेत, हे ठरवणे आयोजकांचे आणि सरकारचे काम. त्याचा जाब विचारण्याचा हक्क नागरिकांना आहे. पण बोट धरून चाललेल्या आईबापांच्या हातीही एक गोष्ट असते. ती म्हणजे मागे फिरण्याची तयारी. दोन हजारांचे तिकीट खिशात असले आणि लेक कितीही हट्ट करीत असली, तरी दारात रेटारेटी दिसली की बाजूला व्हावे. पहिली दोन षटके चुकली तर चुकली. 'आज तुला घेऊन घरी जाणे हीच माझी मॅच', असे सांगणाऱ्या बाबांवर मूल तासभर रुसेल. पण मोठेपणी ते हा दिवसही विसरणार नाही.

निघण्यापूर्वी

- सामना याच मैदानावर आहे का, वेळ व प्रवेशद्वार कोणते, हे आदल्या दिवशी पाहावे. तिकिटावरील द्वाराच्या बाजूनेच जावे.

- मूल लहान असेल तर दुपारी साडेतीनचा सामना निवडावा. संध्याकाळी साडेसातचा सामना संपेपर्यंत अकरा वाजून जातात आणि पेंगुळलेल्या मुलाला गर्दीतून आणणे अवघड होते.

- मुलाच्या खिशात आपले नाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. चुकामूक झाल्यास कुठे थांबायचे, ती जागा आत शिरतानाच दाखवून ठेवावी.

- पायांत बंद बूट, अंगात सुती कपडे. आवाज फार असतो, म्हणून लहानग्यांच्या कानांवर घालायला आवाज रोखणारे कर्णरक्षक न्यावेत.

- सामना संपताच दरवाजाकडे धावू नये. वीस मिनिटे जागेवर बसून गर्दी ओसरू द्यावी. गेल्या काही हंगामांत सामन्याच्या रात्री मेट्रो उशिरापर्यंत धावली आहे. त्या दिवशीची शेवटची गाडी किती वाजता, ते जाताना स्थानकावर विचारून ठेवावे आणि परतीचे तिकीट आधीच काढावे.

- विनातिकीट स्वागत समारंभ, मिरवणुका यांना लहान मुलांना नेऊ नये.

गर्दी ओसरायची वाट पाहत बसलेली ती वीस मिनिटे मात्र वाया जात नाहीत. प्रकाशझोताखाली माळी खेळपट्टीवर झाकण ओढत असतात. पायाखाली कागदाचे झेंडे पडलेले असतात आणि लेक ते गोळा करते. 'बाबा, तुम्ही आज कुणाच्या बाजूने होतात?' असे ती विचारते. दिवसभर हा प्रश्न टाळलेले बाबा आता हसून सांगतात, 'तुझ्या.'